दुसरं बोलावणं

माझ्या सासूच्या हातची भाकरी ज्यानं खाल्लेली नाही, त्याच्याशी मी भाकरीवर वाद घालत नाही. मी नगरकडची. माझ्या आईचाही हात काही वाईट नव्हता. पण लग्न होऊन बीडला आले आणि पहिल्याच दिवशी त्या भाकरीपुढं मी हात टेकले. थापण्याचा आवाज एकसारखा, घाई नाही की मध्येच थांबणं नाही. भिंतीपलीकडची शेजारीण नुसत्या आवाजावरून ओळखायची की आत्याबाई परातीपुढं बसल्या. सासूला मी आत्याबाई म्हणते, या भागात तसंच म्हणतात. आता त्यांनी सत्तरी ओलांडली, चूल गेली आणि गॅस आला, पण तव्यावरून उतरवून जाळावर टाकली की त्यांची भाकरी अजून टम्म फुगते. आणि मला अजून उगाच अभिमान वाटतो, जणू ती मीच थापली होती.

याच भाकरीला मी जवळजवळ वर्षभर घराबाहेर पडू दिलं नव्हतं. ते कसं झालं ते सांगते, कारण चूक माझी होती आणि ती मी फार हुशारीनं केली होती.

आमचं चर्च लहान आहे. पत्र्याचं छत, तीस-पस्तीस घरांची मंडळी, आणि पेटी वाजवणारे काका आजारी पडले की त्या रविवारी गाणी नुसत्या टाळ्यांवर. एका नाताळला जेवण भरपूर उरलं. महिला मंडळातल्या दोघी-तिघींनी पातेली उचलली आणि बसस्टँडवर नेली. स्टँडच्या मागच्या बाजूला भिंतीला लागून कडुलिंबाचं झाड आहे. त्याच्याखाली काही माणसं कायमची राहतात. मी रोज तिथूनच वडवणीची बस धरायची, शाळा त्या बाजूला होती, तरी ती माणसं मला तोवर कधी दिसली नव्हती. कुणी डोक्यानं भरकटलेलं, कुणाला घरच्यांनीच बसमध्ये बसवून दिलेलं, कुणी ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघालेलं आणि आजारी पडलं म्हणून वाटेत राहून गेलेलं. पातेली दहा मिनिटांत रिकामी झाली. पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर पास्टरांनी विचारलं, "हे पुन्हा करायचं का?" आणि सगळ्या बायकांनी माझ्याकडं बघितलं.

त्यात त्यांचं काही चुकलं नाही. मी मास्तरीण. यादी केल्याशिवाय मला काही सुचत नाही आणि दुसऱ्यानं केलेली यादी मला पटत नाही. त्याच दिवशी मी सगळं ठरवून टाकलं. दर रविवारी उपासनेनंतर जेवण द्यायचं, पण रांगेत उभं करून हातात द्रोण टेकवायचा नाही. खाली बसवायचं, पत्रावळी मांडायच्या, वाकून वाढायचं आणि 'अजून घ्या' म्हणायचं. घरच्या कार्याला पंगत बसते तशी. प्रार्थना चर्चच्या दारातच करून निघायचं, स्टँडवर मोठ्यानं करायची नाही. उगाच कुणाच्या मनात भलतं यायला नको. बॅनर नाही, फोटो तर मुळीच नाही. हे सगळं आजही असंच चालतं आणि त्याचा मला अभिमान आहे, तो मी लपवत नाही.

यादीतली शेवटची ओळ मात्र अशी होती: स्वयंपाक आचाऱ्याकडून.

"कावून?" आत्याबाईंनी विचारलं. "आमचे हात मोडलेत का?"

मी म्हटलं, चाळीसेक माणसांचा स्वयंपाक, बायकांची दगदग होईल, उपासना चुकेल, एकाच चवीचं होणार नाही. मला कारणं पटापट सुचतात. त्या ऐकून घेत राहिल्या आणि शेवटी "बरं बाई" म्हणाल्या. माझ्या कारणांतलं एकही खोटं नव्हतं, पण खरं कारण त्यांच्यात नव्हतं. ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

आमच्या घरानं बाप्तिस्मा घेतला त्याला तीन पिढ्या झाल्या. देव बदलला, पोरांची नावं बदलली, जात मात्र गावानं आमच्याजवळच ठेवली. आत्याबाई लहानपणी वडवणीजवळच्या खेड्यात दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायच्या. दुपारी सगळ्या बायका एका झाडाच्या सावलीत भाकरी सोडायच्या आणि यांची भाकरी बांधाच्या पलीकडं. पाणी ओंजळीत, वरून. आता तसं उघडपणे कुणी करत नाही. आता लोक म्हणतात, आज उपवास आहे, किंवा आत्ताच खाऊन आले. मी नोकरीला लागले तेव्हा स्टाफरूममध्ये माझा डबा उघडला की काहींचा उपवास मंगळवारीही असायचा आणि बुधवारीही. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी घरी सांगायची.

मग स्टँडवर तसं झालं तर? भुकेलं माणूस, पुढ्यात वाढलेलं पान, आणि ते माणूस आम्ही कोण हे कळल्यावर पान मागं सरकवतं, तेही आत्याबाईंच्या डोळ्यांदेखत. ते मला बघायचं नव्हतं. म्हणून मी लग्नाकार्यात स्वयंपाक करणारा एक आचारी ठरवला, ज्याच्या हातचं अख्खा जिल्हा खातो असा. भला माणूस होता, त्याची खिचडीही चांगली असायची. पंगत बसली की वाढायला सुरुवात होण्याआधी मी उभी राहायची आणि वर्गात हजेरी घेते त्या आवाजात सांगायची, "निवांत जेवा. आचाऱ्याच्या हातचं आहे."

कुणी विचारलेलं नसायचं. तरी मी दर रविवारी सांगायची. आणि आत्याबाई तेव्हा पंगतीच्या पार शेवटच्या टोकाला असायच्या, हातात ताटली, ताटलीत मीठ आणि लिंबाच्या फोडी. तेवढंच काम मी त्यांना दिलं होतं.

लोक जेवायचे. एक म्हातारी सोडून.

ती दसऱ्याच्या सुमारास तिथं आली होती, भिंतीला पाठ टेकून बसायची. लुगडं विटलेलं, पण नेसणं चापूनचोपून आणि पदर कायम डोक्यावर. जवळ एक बोचकं. तलवाड्याकडची आहे, शेतकऱ्याच्या घरातली आहे, मळणीच्या दिवसांत आमच्या खळ्यावर माणसांच्या पंगती उठायच्या, एवढं ती बोलण्याबोलण्यात सांगायची. स्टँडवर कशी आली ते तिनं कधी सांगितलं नाही आणि आम्हीही खोदून विचारलं नाही. मी पत्रावळ घेऊन गेले की म्हणायची, "मला नको." केळी दिली तर घ्यायची, फुटाणे घ्यायची, गुळाचा खडा घ्यायची. शिजवलेल्याला हात लावायची नाही. मी वाकून, अगदी समजुतीच्या सुरात म्हणायची, "आजी, आचाऱ्याच्या हातचं आहे हो." त्यावर ती माझ्याकडं एकदा नीट बघायची आणि तोंड रस्त्याकडं करायची.

चार रविवार झाले, आठ झाले. तिच्या मनगटाची हाडं दिसायला लागली होती. केळ्यांवर माणूस किती दिवस काढणार?

"ती शिवाशिव पाळती," आत्याबाई एका रविवारी घरी आल्यावर म्हणाल्या. "चर्चातनं येतो आपण, तिला सगळं कळतं. आचारी कुणाचा का असंना, वाढणारे हात आपलेच हायीत ना?"

मग त्यांनी एक युक्ती काढली. त्यांच्या लहानपणी गावात एक रीत होती. शिजवलेलं चालत नसे, पण कोरडं चालायचं. दाणे, पीठ, डाळ या हातातून त्या हातात जाऊ शकत होतं, त्याला विटाळ नव्हता. तोच कोरडा शिधा त्यांनी बांधला. एका स्वच्छ फडक्यात ज्वारीचं पीठ, दुसऱ्यात तुरीची डाळ, पुडीत मीठ, पुडीत तिखट, वर गुळाचा खडा, आणि सगळ्याचं मिळून एक गाठोडं. पुढच्या रविवारी ते त्यांनी म्हातारीपुढं ठेवलं. म्हातारीनं दोन्ही हातांनी घेतलं आणि कपाळाला लावलं. आत्याबाई आठवडाभर खुशीत होत्या. भांडी घासतानासुद्धा मध्येच म्हणायच्या, "घेतलं बघ तिनं. कपाळाला लावलं."

त्यापुढच्या रविवारी आम्ही गेलो तर म्हातारी आडवी झाली होती आणि ते गाठोडं तिच्या डोक्याखाली होतं. आत्याबाईंनी मारलेली गाठ तशीच होती. म्हातारी जरा जास्तच वाळलेली दिसली.

परतताना रिक्षात आत्याबाई बोटांवर मोजत होत्या, पीठ, डाळ, मीठ, तिखट. मग एकाएकी हसायला लागल्या. "तिला चूल न्हाई. तवा न्हाई. काडीची पेटी न्हाई. अन् मी शानी, तिला पीठ देऊन आले." मलाही हसू आलं. आम्ही दोघी इतक्या हसलो की रिक्षावाल्यानं आरशात बघितलं. अख्ख्या जिल्ह्यात ज्या माणसाला घरच नाही त्याला कोरडा शिधा देण्याची करामत आमच्याशिवाय कुणाला सुचली नसती. रस्त्यावर झोपणारी बाई ते पीठ कशावर भाजणार हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. आम्हाला दिसत होतं ते फक्त एवढंच, की कोरडं चालतं.

हसता हसता त्या थांबल्या आणि माझ्याकडं वळल्या.

"मी तर अडाणी हाय," त्या म्हणाल्या. "तू तर शिकलेली. दर रविवारी सांगतीस, आचाऱ्याच्या हातचं हाय. कुणी इचारलं गं तुला? मी तिथंच असती, लिंबाच्या फोडी घिऊन. त्या खुरपणीच्या बायांनी मला बांधाच्या पल्याड बसवलं, ते परक्यांनी बसवलं. तू तर मपल्या घरातली हाईस."

त्या रागावून बोलल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं. उत्तर द्यायला मी कुणाला ऐकत नाही. पण त्या सरळ बोलल्या, भाजी किती झाली ते विचारावं तशा. मला इतकी लाज वाटली की घर येईपर्यंत मी रिक्षाबाहेर बघत होते. स्टाफरूममधल्या बायकांनी निदान उपवासाचं निमित्त तरी शोधलं होतं. मी तर वर्षभर भरल्या पंगतीत उभी राहून जाहीर करत होते की घाबरू नका, याला आमचा हात लागलेला नाही.

त्या शनिवारी दुपारी आत्याबाईंनी धुतलेलं लुगडं नेसलं आणि म्हणाल्या, "चल, आवतन देऊन यिऊ."

कडुलिंबाखाली आत्याबाई म्हातारीसमोर मांडी घालून बसल्या. मी मागं उभी. स्टँडवर गाड्यांची घोषणा चालली होती, तीत त्यांचा आवाज मला कसाबसा ऐकू येत होता.

"उद्या आमच्याकडं जेवायला यायचं. आवतन द्यायला आले."

म्हातारीनं पदर सावरला. बराच वेळ आत्याबाईंचं तोंड न्याहाळलं आणि विचारलं, "कुणाच्या तुमी?"

हा प्रश्न मला लहानपणापासून माहीत आहे. त्याची उत्तरं टाळायच्या दहा तऱ्हाही मला माहीत आहेत. आत्याबाईंनी एकही वापरली नाही. गावाचं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, गावाच्या कुठल्या अंगाला घर होतं ते सांगितलं. ते अंग ऐकलं की या भागातल्या कुणालाही दुसरं काही विचारायची गरज उरत नाही. मग म्हणाल्या, "आता आमी चर्चात जातो. उद्या आचारी न्हाई. भाकरी मपल्या हातची, आमटी मपल्या हातची. जमत नसंल तर आत्ताच सांगा, मी रुसायची न्हाई. पर उद्या उपास हाय म्हनू नका."

म्हातारी हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. नुसतं विचारलं, "कवा?"

"बारा वाजता. उपासना सुटली की."

उठताना आत्याबाईंनी गाठोड्याकडं हात केला. "हे पीठ मी घिऊन जाते. उद्या ह्याचीच भाकर करते." म्हातारीनं ते उशाचं गाठोडं दोन्ही हातांनी उचललं आणि त्यांच्या हवाली केलं. मला त्यातून काय समजायचं ते कळेना. आत्याबाईंनाही कळलं नसावं, कारण घरी येईपर्यंत त्या चार वेळा म्हणाल्या, "यील का गं ती?" त्याआधी झाडाखालच्या प्रत्येक माणसापुढं जाऊन त्यांनी तसंच आवतन दिलं. जो माणूस कुणाशीच बोलत नाही, नुसता बोटांनी हवेत काहीतरी लिहीत असतो, त्याच्यापुढंही त्या हात जोडून उभ्या राहिल्या.

आचाऱ्याला मी फोन करून नको म्हणून सांगितलं. महिला मंडळातल्या बायकांना निरोप गेला, प्रत्येकीनं घरून भाकरी आणायच्या. मला वाटलं होतं कुरकूर होईल. एक जण तर म्हणाली, "आम्ही कवापासून वाट बघायलो व्हतो, तुमीच त्यो आचारी धरून बसल्या." मी कानाला खडा लावला.

रविवारी सकाळी मी दूध आणायला बाहेर पडले तर गल्लीतल्या आमच्या मंडळीच्या तिन्ही घरांतून थापण्याचा आवाज येत होता. आत्याबाईंनी मोठ्या पातेल्यात येसराची आमटी केली, आमच्याकडं लग्नात करतात तशी, भाजलेल्या डाळी-धान्याचं येसर लावून, वर तर्री आलेली. गाठोड्यातल्या पिठाच्या भाकरी त्यांनी वेगळ्या बांधल्या. चर्चमध्ये दुरड्या मागच्या भिंतीला ओळीनं ठेवल्या होत्या आणि फडक्यांखालून वास सगळीकडं पसरला होता. पास्टरांचं प्रवचन त्या दिवशी आटोपशीर झालं.

स्टँडवर पंगत बसली. पत्रावळी मांडल्या, भाकरी वाढल्या, आमटीचे द्रोण भरले. म्हातारी भिंतीजवळच होती. तिनं केस विंचरले होते, तोंड धुतलं होतं, लुगड्याचा पदर झटकून नीट घेतला होता. पण ती उठली नाही. पंगतीकडं बघतसुद्धा नव्हती, सरळ समोर बघत बसली होती.

मला आतून कळून चुकलं. शेवटी तेच झालं, जे मला वर्षभर बघायचं नव्हतं. मी आत्याबाईंजवळ गेले आणि हळू आवाजात म्हटलं, "नाही येत ती. सुरू करू या, माणसं ताटकळलीत."

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. "बोलावणं गेलंय का तिला?"

"काल दिलंय की आवतन."

"ते आवतन झालं. बोलावणं कुठं गेलंय?"

आणि मला आठवलं. माझ्या लहानपणी आमच्याकडंही असंच होतं. आदल्या दिवशी आवतन देऊन भागत नाही. पानं वाढली की यजमानाच्या घरचं माणूस पुन्हा दारात येतं आणि म्हणतं, पानं वाढलीत, चला. हे दुसरं बोलावणं आल्याशिवाय मानी माणूस घरातून निघत नाही, मग कितीही भूक लागलेली असो. आपण होऊन जाऊन बसणं म्हणजे आशाळभूतपणा. फोनवर आमंत्रणं यायला लागल्यापासून आम्ही शहरातली माणसं ते विसरलो. आत्याबाई विसरल्या नव्हत्या.

"मग तुम्ही जा," मी म्हटलं.

"आवतन सासूनं दिलं की बोलावणं सुनंनं द्यायचं," त्या म्हणाल्या. ही रीत त्यांनी त्याच घटकेला काढली असावी, मी नंतर कितीतरी जणींना विचारलं, कुणालाच माहीत नाही. "जा. अन् दर रविवारी सांगतीस ना कुणाच्या हातचं हाय ते? आजबी सांग."

पंगतीच्या टोकापासून म्हातारीपर्यंत वीसेक पावलं असतील. पंगतीतली माणसं माझ्याकडं बघत होती, कुणाचा हात पानाला लागला नव्हता. चहाच्या गाड्यावर वाहक-चालक उभे होते. माझे दोन सहकारी शिक्षक गावाकडं जायला थांबले होते, त्यांच्यात एक नेहमी उपवास करणाऱ्या बाईही होत्या. मी इतकी वर्षं वर्गापुढं उभी राहते, पण ती वीस पावलं मी मोजत गेले.

"आजी," मी म्हटलं, "पानं वाढलीत. चला."

म्हातारीनं मान वर केली. तेवढ्यावर कदाचित भागलं असतं. पण आत्याबाई मागून बघत होत्या, आणि खरं सांगायचं तर मलाच आता ते बोलायचं होतं. मी हजेरीच्या आवाजात, अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असं म्हटलं, "माझ्या सासूच्या हातची भाकरी आहे."

चहाच्या गाड्यावरची दोन-चार डोकी वळली. आभाळ काही कोसळलं नाही. उपवासवाल्या बाईंनी पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं.

"मला वाटलं, इसरल्या तुमी," म्हातारी म्हणाली आणि तिनं उठायला माझ्यापुढं हात केला.

तिचा हात धरून मी तिला पंगतीकडं आणत होते तेव्हा ती चालता चालता कुरकुरत होती. "इतके रविवार झाले. कुणी बोलवायचं न्हाई, चालायचं न्हाई. नुसतं आपलं, आचाऱ्याचं हाय, आचाऱ्याचं हाय. मी काय आचाऱ्याची पाव्हनी हाय का?"

तिच्या मनात आणखी काही नव्हतंच असं मी म्हणणार नाही. आत्याबाईंनी गावाचं अंग सांगितलं तेव्हा तिचे डोळे क्षणभर खाली गेलेले मी पाहिले होते. शनिवारपासून रविवारपर्यंत ती स्वतःशी काय बोलली ते तिचं तिला ठाऊक. पण ती केस विंचरून बसली होती, हे मला ठाऊक आहे.

आत्याबाईंनी तिच्या पानावर भाकरी वाढली. तिनं ती मोडली, आमटीत कुस्करली, पहिला घास घेतला. आत्याबाई दुरडी कमरेवर घेऊन तिथंच उभ्या राहिल्या. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांना असं कुणाच्या तोंडाकडं बघत उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

म्हातारी सावकाश चावत होती. दात थोडेच होते. मग म्हणाली, "लई पातळ थापतीस. आमच्याकडं जाड असती."

"जाड पायजे तर पुढल्या बारीला जाड करते," आत्याबाई म्हणाल्या.

"न्हाई. पातळच बरी हाय. आनिक दे."

माझा जीव भांड्यात पडला. म्हातारीनं तीन भाकरी खाल्ल्या. हा आकडा मी विसरूच शकत नाही, कारण पुढचे पंधरा दिवस आत्याबाईंनी तो गल्लीतल्या प्रत्येकाला सांगितला. दूधवाल्याला सांगितला, पास्टरांना दोनदा सांगितला, लेकीला फोन लावून सांगितला. "तीन खाल्ल्या. पातळ म्हनली, अन् तीन खाल्ल्या." रिक्षात परतताना त्या दिवशी त्या सारख्या बोलत होत्या आणि मी ऐकत होते. अभिमानानं माझा ऊर भरून आला होता आणि त्यात माझं कर्तृत्व वीस पावलं चालण्याएवढंच होतं, हेही मला कळत होतं.

तेव्हापासून आमच्याकडं आचारी नाही. दर शनिवारी शाळेतून आले की मी आवतन द्यायला जाते. नवीन कुणी आलं असेल तर नाव-गाव विचारते, आणि त्यानं विचारलं तर आमचंही सांगते, गावाच्या अंगासकट. एखादा म्हणतो, मला चालत नाही. दोघं-तिघं तसे निघाले. त्यांच्यासाठी आम्ही केळी ठेवतो, रागावत नाही. रविवारी पानं वाढली की महिला मंडळातल्या बायका झाडाखाली, भिंतीजवळ, पार फलाटाच्या टोकापर्यंत जाऊन एकेकाला म्हणतात, पानं वाढलीत, चला. बोटांनी हवेत लिहिणारा माणूस आता ते ऐकलं की लिहिणं थांबवून उठतो. लिंबाच्या फोडी मी वाढते. आत्याबाईंनी मला तेवढंच काम ठेवलं आहे.

परवाच्या उन्हाळ्यातली गोष्ट. पंगत अर्धी झाली होती आणि एक नवा माणूस येऊन उभा राहिला. पायात वहाणा नाहीत, खांद्याला फाटकी पिशवी, कडा गावाहून चालत आलो म्हणाला. त्याला शनिवारचं आवतन गेलेलं नव्हतं. तो खाली बसेना. पानांकडं बघत होता, आमच्याकडं बघत होता, आणि शेवटी त्यानं विचारलं, "कुणाचं जेवन हाय हे?"

मी लिंबाची ताटली सावरली आणि उत्तर द्यायला तोंड उघडलं. एवढ्यात पंगतीतून म्हातारीच बोलली. हातात भाकरीचा तुकडा, पदर डोक्यावर, आवाज खळ्यावरच्या माणसांना बोलवावं तसा.

"आमच्या घरचं हाय," ती म्हणाली. "बस खाली."

तो बसला. आत्याबाई दोन पानं अलीकडं वाढत होत्या. त्यांनी ते ऐकलं. फडकं बाजूला केलं, वरची भाकरी सारली, तिच्याखालची सारली, आणि दुरडीतली सगळ्यात चांगली फुगलेली भाकरी काढून त्याच्या पानावर वाढली.